चूल पाहुण्याची, किल्ली गावाची

माझी मावसबहीण मालवणजवळच्या देवबागेत दिलेली. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. त्या पट्टीवर तिच्या सासरचं घर, आणि मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. नाताळच्या आठवड्यात मी तिथे होतो. पाहुणे चौदा. ताईचा दिवस पहाटे साडेपाचला आंबोळीच्या पिठात हात घालून सुरू व्हायचा. नाश्ता उरकतो न उरकतो तोच मासे यायचे. मग ते साफ करणं, वाटण, भाकऱ्या, बारापासून तीनपर्यंत पंगती. चारला चहा, सहाला भजी, रात्री पुन्हा सगळं पहिल्यापासून. अकरा वाजता ती मागच्या पडवीत टोप घासत होती तेव्हा मी सहज विचारलं, समुद्रावर कधी जातेस? हात न थांबवता म्हणाली, "दोन म्हयने झाले, वेळेर पाय ठेवूक नाय."

वेळ म्हणजे किनारा. तिच्या पडवीतून गाज ऐकू येते.

तिच्या डोक्यात आता एक बेत आहे. चारपैकी दोन खोल्यांना जोडून ओटा घालायचा, शेगडी, फ्रीज, मिक्सर, चार भांडी ठेवायची आणि पाहुण्यांना सांगायचं, तुमचं तुम्ही रांधा. घरात यावरून बरीच खडाखडी झाली. मुंबईच्या नातेवाइकांनी तर नाकं मुरडली. कोकणात जाऊन स्वतःच भात लावायचा असेल तर कांदिवलीत काय वाईट आहे, असा त्यांचा सवाल. आल्यागेल्याला जेवू घालणं ही आपली रीत, ती मोडून नुसती जागा भाड्याने द्यायची म्हणजे लॉजच झालं की, असंही कोणीतरी म्हणालं.

मी ताईच्या बाजूने आहे. मासेमारीच्या लहान गावांत स्वतः रांधून राहायच्या खोल्या वाढाव्यात असं मला वाटतं. मात्र त्या खोल्यांची किल्ली त्याच गावात राहणाऱ्या माणसाच्या कमरेला असली पाहिजे, आणि हे नुसत्या सदिच्छेवर न सोडता नियमात यायला हवं.

आधी त्या रीतीबद्दल. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून तारकर्ली, देवबाग, मालवण या पट्ट्यात जो धंदा रुजला तो खोली अधिक थाळी असा. त्याने गावात पैसा आणला, काही घरांतली पोरं मुंबईला जायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण दर दहा पावलांवर 'घरगुती जेवण मिळेल' अशी जी पाटी दिसते, तिच्यातल्या त्या 'घरगुती' शब्दाचा हिशेब कोणी मांडत नाही. खोलीचं भाडं भाऊजी वहीत लिहितात. जेवणाचा हिशेब म्हणजे मासे, नारळ, गॅस, तांदूळ. ताईचे सतरा तास कुठल्याच रकान्यात नाहीत. त्यातून नाताळात सुरमईचा भाव चढतो आणि थाळीचा भाव मात्र महिनाभर आधी फोनवर ठरलेला असतो. म्हणजे ऐन हंगामात ती सगळ्यात जास्त राबते आणि ताटामागे सगळ्यात कमी मिळवते. याला आदरातिथ्य म्हणायचं तर म्हणा, पण मग ते आदरातिथ्य कोणाच्या जिवावर चाललंय तेही सांगा. पंगतीला बसून 'वहिनी, काय हात आहे तुमचा' म्हणणाऱ्यांत मीही आहेच.

दुसरी गोष्ट ताटातल्या माशाची. थाळी ठरलेली असते, म्हणून मासाही ठरलेला असतो: सुरमई, पापलेट, कोळंबी. समुद्राला आपली ही यादी माहीत नसते. एखाद्या दिवशी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, तारल्या आणि पेडवे उदंड लागतात, कधी सौंदाळे, कधी लेपे, कधी नुसता बांगडा. पण पाहुण्याने पाटीवर सुरमई वाचलेली असते, त्यामुळे गावची तारली टोपलीत पडून राहते आणि सुरमई बर्फाच्या गाडीतून दुसऱ्या बंदराहून येते. पापलेटाचं तर आणखीच वाईट. २०२३ साली आपण त्याला राज्यमासा केलं, तेही तो कमी होत चालला म्हणून. १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट धरू नये असा नियम आहे. आता थाळीच्या भावात आणि स्टीलच्या ताटात बसणारं पापलेट केवढं असतं, ते जेवलेल्या प्रत्येकाने आठवून पाहावं.

ज्याच्या हाताशी शेगडी आहे त्या पाहुण्याचं वेगळं होतं. दापोली तालुक्यातल्या हर्णैला सुवर्णदुर्गासमोर संध्याकाळचा लिलाव लागतो. होड्या उथळ पाण्यात थांबतात, मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते, ढीग पडतात, बोली सुरू होते. बघायला शेकडो पर्यटक असतात. फोटो काढतात, नाकाला रुमाल लावतात आणि लॉजवर जाऊन थाळी खातात. कारण ओला मासा घेऊन करायचं काय? खोलीत ओटा असेल तर त्यांतली चार कुटुंबं वाकून बघतील, भाव विचारतील, नाव विचारतील. लिलावातला अख्खा ढीग काही त्यांना परवडायचा नाही. पण बाजूलाच बायका वाटे लावून बसलेल्या असतात, त्यांच्याकडून एक वाटा घेतील आणि साफ करून द्यायचे वेगळे पैसे देतील. कुठला मासा आज जास्त लागलाय म्हणून स्वस्त आहे, ते त्यांना कळेल. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तिथे तर दोराला हात लावून पुढे मासे घेता येतात. दोर ओढणाऱ्यांत आपल्यामुळे काही फरक पडतो असं समजू नये, ते उगाच मान ठेवतात.

इथे मला स्वतःलाच एक टपली मारली पाहिजे. चार वाट्यांनी बंदराचं अर्थकारण बदलत नाही. बहुतेक होड्या व्यापाऱ्याच्या उचलीत अडकलेल्या असतात. डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी घेतलेला आगाऊ पैसा फिटेपर्यंत मासळी त्यालाच घालावी लागते. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून धरणारे, आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या भांडणावर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याला निर्बंधांचा आदेश काढावा लागला आणि तरी ते भांडण मिटलेलं नाही. त्या पातळीवर पर्यटकाची पिशवी किस झाड की पत्ती. पण वाटा विकणाऱ्या बाईच्या हातात त्याच दिवशी रोख पैसा पडतो, मधे कोणी नाही, हे तिच्यासाठी लहान नाही. आणि ताईचे सतरा तास वाचतात, तेही लहान नाही.

पावसाळ्याचंही बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस. तेव्हाही थाळीत सुरमई असतेच. ती कुठल्या शीतगृहातून आली हे विचारू नये. स्वतः रांधणारा पाहुणा त्या दिवसांत काय घेईल? सुकट, सुके बांगडे, सुके बोंबील, खारवलेला मोरी मासा. म्हणजे गावातल्या बायकांनी उन्हाळाभर वाळवून, राखून ठेवलेला माल. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, आत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास आणि पेज. यापेक्षा चांगली सुट्टी मला तरी माहीत नाही, पण माझी आवड प्रत्येकाने मानावी असं नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, अशा ओटेवाल्या जागा तर आधीच शेकड्यांनी आहेत. आहेत ना! अलिबागजवळ नागाव, किहीम, आवास; दापोलीकडे कर्दे, मुरूड, लाडघर. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मोटार सरळ बोटीत घालून अलिबाग तालुक्यात उतरता येतं. डिकीत काय असतं ते एकदा बघा. मसाला लावलेलं चिकन बर्फाच्या पेटीत, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, कोळसा, बार्बेक्यूची जाळी, कधी कधी स्वयंपाकाला महाराजसुद्धा सोबत. बंगल्यात जलतरण तलाव. तो भरतो विहिरीतून किंवा टँकरने. मालक मुंबईत किंवा पुण्यात, किल्ली रखवालदाराकडे, पैसे ऑनलाइन. दोन रात्री राहून मंडळी परततात तेव्हा गावाला मिळतो तो रखवालदाराचा पगार, झाडूपोछ्याची मजुरी आणि कचऱ्याच्या पिशव्या. समुद्रकाठी दोन दिवस राहून पनीर टिक्का खाऊन गेलेली कुटुंबं मला माहीत आहेत. शाकाहारी असतील तर ठीक, ही नव्हती.

आणि वासाचं. कोळी आणि गाबीत मच्छीमारांच्या वाड्यांत किनारा म्हणजे अंगण. तिथे जाळी सुकतात, होडीला रंग लागतो, वलांडीवर बोंबील लोंबकळतात, खळ्यात सुकट पसरलेली असते. शेजारी बंगला आला की आधी भिंत येते, मग तक्रार. समोरची होडी हलवा, फोटोत येते. मासळी दुसरीकडे सुकवा, पाहुणे वासाने हैराण होतात आणि कमी तारे देतात. ज्या मासेमारी गावाच्या नावावर ती जागा विकली जाते, त्या गावाने मासे सुकवू नयेत! ताईच्या पाहुण्यांनाही वास येतो. पण तिची जाऊच सुकट घालते, त्यामुळे तक्रार आलीच तर ताई हसून म्हणते, दोन दिवसांत सवय होते. बंगल्याचा मालक असं म्हणू शकत नाही, कारण त्याची जाऊ सुकट घालत नाही.

सगळा फरक इथे आहे. ओटा दोन्हीकडे आहे, शेगडी दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी मालक गावच्या विहिरीचं पाणी पितो, दुसऱ्या ठिकाणी नाही.

स्वतः रांधायच्या कॉटेजची ही पद्धत इंग्लंडमध्येही आहे, आणि तिथल्या किनाऱ्याने याची किंमत मोजली आहे. कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ज हे एके काळी पिलचर्ड मासळीवर जगणारं बंदर. धक्क्याजवळच्या कोळ्यांच्या दगडी घरांची एकेक करून सुट्टीची घरं झाली. हिवाळ्यात गल्लीच्या गल्ली अंधारात. शेवटी २०१६ साली गावाने सार्वमत घेतलं. ८३ टक्क्यांनी कौल दिला की यापुढे नवं घर बांधायचं तर ते कायम राहणाऱ्यासाठीच. ऐकायला फार छान. पण बंदी फक्त नव्या घरांवर होती. सुट्टीचं घर हवं असलेली मंडळी जुन्या घरांकडे वळली, बिल्डरांना नवं बांधण्यात रस उरला नाही आणि तरुण कोळ्याला घर मिळणं काही सोपं झालं नाही. वेल्सने वेगळी वाट धरली. एप्रिल २०२३ पासून तिथल्या नगरपरिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा आहे. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की घर नवं की जुनं हे विचारून भागत नाही, त्यात कोण राहतं ते विचारावं लागतं.

पण हा प्रश्न कोकणात विचारला की पहिलं बोट माझ्याकडेच येतं. दुसरं घर ही कोकणाला बाहेरून आलेली गोष्टच नाही. चाकरमान्याचं गावचं घर म्हणजे दुसरं काय? गणपतीत दहा दिवस उघडतं, मे महिन्यात पंधरा दिवस, एरवी कुलूप. आमचंही असंच आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूला. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. एकाने कौलं परतायची म्हटली तर दुसरा म्हणतो, मला न विचारता कशी परतलीस. त्यामुळे घर पडतं, पण भाड्याने जात नाही. शेजारचा गाबीत तरुण लग्नानंतर वेगळी खोली शोधत मालवणात फिरतो आणि आमची माजघर-पडवी वाळवीला दिलेली. मग मी बाहेरचा की गावचा? गणपतीत मी छाती ठोकून गावचा असतो. पाण्याची टाकी आणि रस्त्यावरचे दिवे यांचा विषय निघाला की मुंबईचा.

म्हणून मला 'बाहेरचा' हा शब्द जन्मावरून किंवा आडनावावरून ठरवायला नको वाटतो. वर्षातून किती महिने चूल पेटते यावरून ठरवा. पुण्याहून आलेलं जोडपं अंजर्ल्यात कायमचं राहून दोन खोल्या चालवत असेल तर ते गावचं. आणि मी, सात पिढ्यांचा, बाहेरचा. लागू दे मला जास्त घरपट्टी.

केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत हे तत्त्व अर्धं आहेच. मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे आणि खोल्या जास्तीत जास्त सहा. चांगली अट आहे. फक्त तिला न्याहारी चिकटवलेली आहे, जणू घरात राहणाऱ्या बाईने पोहे केलेच पाहिजेत. न्याहारी ऐच्छिक करा आणि निवासाची अट घट्ट धरा. स्वतः रांधायच्या दोन-तीन खोल्या, त्याच आवारात राहणारा मालक, अशा जागेची नोंदणी ग्रामपंचायतीत एका अर्जावर व्हावी आणि घरपट्टी घरगुती दराने लागावी. मालक तिथे राहत नसेल तर तो व्यवसाय समजावा. दर वेगळा, पाण्याला मीटर, कचऱ्याचा आकार वेगळा. ग्रामपंचायतीला एवढा वेगळा दर लावायचा अधिकार हवा, आणि नसेल तर राज्याने द्यावा. पहिला आक्षेप मला माहीत आहे: लोक खोटं राहतील, रखवालदाराच्या नावावर दाखवतील. दाखवतील काही जण. पण लहान गावात कोणाच्या घरी दिवा लागतो हे शोधायला उपग्रह लागत नाही, आणि ग्रामसभेत ते मोठ्याने सांगायला किमान एक तरी म्हातारी असतेच.

त्याहून अवघड गाठ जमिनीची आहे. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये असा कायदा आपल्याकडे १९४८ पासून आहे. त्यातून वाटा काढणारे काढतातच, तरी निदान एक अडसर आहे. कोळ्याच्या घराला तोही नाही, कारण ती शेतजमीनच नव्हे. उलट कित्येक कोळीवाड्यांचं सीमांकन रखडलंय आणि पिढ्यान् पिढ्या राहत्या घराखालच्या जमिनीचा धड कागद माणसाच्या हातात नाही. कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून खोल्या बांधता येत नाहीत. पर्यटनात उतरणाऱ्या महिलांसाठी राज्याने २०२३ मध्ये 'आई' नावाचं धोरण आणलं, कर्जाच्या व्याजाचा परतावाही त्यात आहे. पण परतावा मिळायला आधी कर्ज मिळायला हवं. किनारा नियमनाचंही तसंच. १९९१ पासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र होतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असलेल्या भागात ते ५० मीटरवर आणलं. दाट वस्तीचा किनारा म्हणजे बहुतेक मच्छीमारांचाच, त्यामुळे सवलत त्यांच्यासाठी दिसते. पण सवलत वापरायला नकाशा, सल्लागार, परवानगीचे हेलपाटे लागतात. ते ज्याला परवडतात तो पन्नास मीटरवर येऊन बांधतो. ज्याच्या आज्याने तिथे झोपडं बांधलं होतं तो अजून अर्जाची पोच सांभाळून बसलेला असतो.

त्यामुळे आधी कोळीवाड्यांचं सीमांकन आणि मग किनाऱ्यावरच्या नव्या परवानग्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उलटा क्रम चालू राहिला तर वीस वर्षांनी समुद्राकडच्या पहिल्या रांगेत बंगले असतील आणि मच्छीमार चौथ्या रांगेतून होडीकडे जायला वाट मागत असेल.

ताईने काही सरकारची वाट पाहिली नाही. भिशीचे पैसे उचलले आणि एप्रिलात दोन खोल्यांना ओटे घातले. पहिलं कुटुंब साताऱ्याकडचं आलं, नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. त्यांनी हौसेने तारल्यांचे दोन वाटे आणले आणि परातीत घेऊन ताईच्या दारात उभे राहिले, आता याचं करायचं काय म्हणून. तिने खवलं कशी काढायची ते दाखवलं, तिरफळं ठेचून दिली, सोलं दिली आणि आपल्या कामाला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांगडे आणले. तिसऱ्या दिवशी दुपारी सातारच्या आजी मागच्या दाराने आल्या. पोरं दमली, सून कंटाळली, आज तेवढं तुमच्या हातचं जेवण मिळेल का, असं विचारू लागल्या.

ताईने हात पुसले, घड्याळाकडे बघितलं आणि ताटाचा भाव सांगितला. त्या दिवशीच्या माशाचा, आणि वर स्वतःच्या कामाचे वेगळे. इतक्या वर्षांत तिला तो आकडा पहिल्यांदाच काढावा लागला होता. आजी म्हणाल्या, चालेल.